रंग गेला, तुकडे राहिले

गेल्या अंकात बर्फाच्या गोळ्याच्या सरबतावर लिहिताना आम्ही एक वाक्य टाकलं होतं: ‘पिवळा-लाल खाद्यरंग आपण पचवत नाही, आपल्या आतड्यातले जिवाणू तो फोडतात.’ ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांकडून आलेले बहुतेक प्रश्न याच वाक्यावर अडले आहेत. त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

‘फोडतात’ म्हणजे नेमकं काय करतात? रंग फुटून नाहीसा होत असेल तर ते चांगलंच नाही का?
– शिक्षिका, नौपाडा, ठाणे

रंग नाहीसा होतो, पदार्थ होत नाही. सगळी गोम तिथेच आहे.

बाजारातले बरेचसे पिवळे, केशरी, लाल रंग ‘ॲझो’ कुळातले असतात. त्यांच्या रेणूच्या मधोमध दोन नायट्रोजन अणूंचा दुहेरी बंध असतो आणि दोन्ही अंगांना बेंझिन, नॅप्थलीन अशी कडी असतात. या बंधामुळे दोन्हीकडची कडी एकमेकांशी जोडली जातात, अख्खा रेणू दृश्य प्रकाश शोषतो आणि आपल्याला रंग दिसतो. बंध तुटला की रंग गेला. मागे दोन बिनरंगी तुकडे राहतात, दोन्ही ‘अमाइन’ जातीचे, म्हणजे नायट्रोजनयुक्त.

हे काम होतं मोठ्या आतड्यात. टार्ट्राझिनसारखा पाण्यात विरघळणारा रंग लहान आतड्यातून पाच टक्केही शोषला जात नाही, उरलेला पुढे उतरतो. मोठ्या आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि ग्रॅमभर मळात दहा हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. अन्न फोडताना त्यांच्याकडे इलेक्ट्रॉन जमतात आणि ते कुठेतरी टाकावे लागतात. प्राणवायू असता तर त्याच्यावर टाकले असते. तो नसल्यामुळे ॲझो बंध चालून जातो. एक बंध पूर्ण तोडायला चार इलेक्ट्रॉन लागतात, आणि ते पोचवणाऱ्या एन्झाइमांना ॲझोरिडक्टेज म्हणतात. आपल्या पेशींपेक्षा, विशेषतः पाण्यात विरघळणाऱ्या रंगांच्या बाबतीत, हे काम जिवाणू कितीतरी जास्त करतात.

औषधशास्त्राला ही गोष्ट १९३५ पासून ठाऊक आहे. प्रॉन्टोसिल नावाचा लाल ॲझो रंग जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांना वाचवायचा, पण परीक्षानळीत त्याच जंतूंना काहीच करायचा नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मंडळींनी दाखवलं की शरीरात तो फुटतो आणि खरं काम त्यातला सल्फॅनिलामाइड हा बिनरंगी तुकडा करतो. सल्फा औषधांचं युग तिथून सुरू झालं. प्रॉन्टोसिलचा गुण शोधणाऱ्या गेऱ्हार्ड डोमाक यांना १९३९ चं नोबेल मिळालं. तेव्हा तुकडा म्हणजे विष असं समीकरण मांडू नका. तुकडा औषधही असू शकतो.

मग कोणता तुकडा वाईट, हे कसं ओळखायचं? रसायनवाल्यांचा पहिला ठोकताळा शेपटीचा. तुकड्याला सल्फोनेट गट, म्हणजे गंधक-प्राणवायूची शेपटी, चिकटलेली असेल तर तो पाण्यात राहतो, पेशींच्या स्निग्ध आवरणातून सहज आत शिरत नाही आणि लघवी-शौचावाटे निघून जातो. शेपटी नसेल तर तो तुकडा रक्तात शिरतो, यकृतात पोचतो आणि तिथे त्याचं जे रूप बनतं ते डीएनएला चिकटू शकतं. परवानगी असलेले ॲझो खाद्यरंग मुद्दाम असे बनवले आहेत की बंध तुटला तरी दोन्ही तुकड्यांना शेपटी राहावी. सनसेट यलो घ्या. तो फुटून सल्फॅनिलिक आम्ल आणि एक सल्फोनेटयुक्त अमिनोनॅप्थॉल देतो, दोन्ही शेपटीवाले. याच्या उलट मेटानिल यलो, हळदीत आणि डाळीत सापडणारा बेकायदा रंग. त्याच्या एका तुकड्याला शेपटी आहे, दुसऱ्याला, म्हणजे पॅरा-अमिनोडायफेनिलअमाइनला, नाही. तिखटात मिसळला जाणारा सुदान-१ तर पूर्ण बिनशेपटीचा. त्यातून ॲनिलीन आणि अमिनोनॅप्थॉल सुटतात. सगळ्यात वाईट उदाहरण कापडरंगांतलं: काँगो रेडसारखे काही रंग फुटले की बेंझिडीन तयार होतं, आणि बेंझिडीनमुळे माणसाला मूत्राशयाचा कर्करोग होतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे.

हा ठोकताळा अनेक दशकं पुरला. अलीकडे त्याला तडा गेला आहे. अमेरिकेत भरपूर वापरला जाणारा अल्युरा रेड आणि आपल्याकडचाही सनसेट यलो, दोघांतूनही तोच एक सल्फोनेटयुक्त अमिनोनॅप्थॉल निघतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या अभ्यासात, ज्यांची प्रतिकारयंत्रणा आधीच बिघडवलेली होती अशा उंदरांना हे रंग दिल्यावर मोठ्या आतड्याला सूज आली, आणि हा तुकडा एकटा दिल्यावरही आली. जिवाणूमुक्त उंदरांना नुसता रंग देऊन ती आली नाही. बंध तोडणारे जिवाणू आतड्यात असावे लागले. साध्या, निरोगी उंदरांना या प्रयोगात काही झालं नाही. २०२२ च्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र अल्युरा रेड १२ आठवडे रोज दिल्यावर निरोगी उंदरांतही सौम्य सूज दिसली. म्हणजे शेपटी कर्करोगाच्या बाबतीत मोठा आधार आहे, आतड्याच्या अस्तराच्या बाबतीत तेवढा नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आहेच. तरीही ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सचा आजार (दोन्ही आतड्याला दीर्घकाळ सूज येणारे) आहे त्यांनी रंगीत पदार्थ टाळावेत, असं आमचं मत आहे. टाळून काही बिघडत नाही.

मुलगी पाच वर्षांची, वजन १५ किलो. संध्याकाळी तलावपाळीला नेलं की गोळा हवाच. किती चालेल? रंगाने मुलं चंचल होतात, हेही खरं का?
– पालक, कोपरी, ठाणे पूर्व

आधी रंग कोणता ते बघावं लागेल. आपल्याकडे पूर्वापार आठ कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे. त्यातले चार ॲझो: टार्ट्राझिन (आयएनएस, म्हणजे खाद्य-मिश्रकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, १०२), सनसेट यलो (११०), कार्मोइझिन (१२२) आणि पॉन्सो ४आर (१२४). उरलेले चार दुसऱ्या कुळांतले: एरिथ्रोसिन (१२७), इंडिगो कार्माइन (१३२), ब्रिलियंट ब्लू (१३३), फास्ट ग्रीन (१४३). आकडे पाकिटावर बारीक अक्षरात असतात, भिंग घ्यावं लागलं तरी घ्या.

बहुतेक पदार्थांत खाण्याच्या अवस्थेत किलोमागे १०० मिलिग्रॅम ही वरची हद्द आहे. जॅम, जेली, सरबत, फळांचे काही डबाबंद प्रकार यांना २००. आता हिशेब करू. सनसेट यलोसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने रोज आयुष्यभर चालेल अशी मात्रा शरीराच्या किलोमागे ४ मिलिग्रॅम ठरवली आहे. १५ किलोला ६० मिलिग्रॅम. हद्दीपर्यंत रंगवलेला पदार्थ असेल तर ६०० ग्रॅम. तेवढं कुणी मूल रोज खात नाही. पॉन्सो ४आरला हीच समिती ४ देते, पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने ०.७ वर आणलं आहे. त्या आकड्याने मुलीच्या वाट्याला १०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १०५ ग्रॅम पदार्थ येतो. एका गोळ्यात संपला. एरिथ्रोसिनसाठी तर मात्रा किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच आहे. मुलीला दीड मिलिग्रॅम, हद्दीपर्यंत रंगवलेला पदार्थ फक्त १५ ग्रॅम! हा रंग ॲझो नाही, जिवाणू त्याचे असे तुकडे करत नाहीत. त्याची तक्रार वेगळी, उंदरांच्या थायरॉइडशी संबंधित आहे. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये त्याची खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेतली.

हे झालं रंग मोजून घातला तर. गाडीवरच्या बाटलीत तो कोण मोजतो? आणि बाटलीला लेबलही नसतं. महिन्यातून एखादा गोळा खाल्ल्याने काही होत नाही, रोजचा मात्र बंद करा. कैरीच्या किंवा कोकमाच्या घरच्या आगळावर बर्फ किसून दिलात तर भांडणही होणार नाही.

चंचलपणाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. २००७ मध्ये इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनमध्ये झालेल्या चाचणीत काही रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने काही मुलांचा चंचलपणा वाढलेला दिसला. त्यानंतर युरोपात २०१० पासून सहा रंगांच्या पाकिटांवर तसा इशारा छापावा लागतो. आपले चारही ॲझो रंग त्या सहांत आहेत. परिणाम सरसकट सगळ्या मुलांत नव्हता, आणि तो तुकड्यांमुळे की अख्ख्या रंगामुळे हे त्या चाचणीतून ठरत नाही.

वाशीच्या मसाला मार्केटमधून वर्षाची हळद आणि मिरची भरते. घरी तपासता येईल का?
– गृहिणी, सानपाडा

काही अंशी. कुठली चाचणी कुठे फसते ते आधी समजून घ्या, नाहीतर चांगली हळद फेकाल आणि वाईट ठेवाल.

हळद. ग्लासभर पाण्यात चमचाभर पूड वरून सोडा, ढवळू नका. शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं. पाणी लगेच गडद पिवळं झालं तर संशय. नक्की करायचं तर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, म्हणून ते शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत, हातमोजे-चष्म्यासह आणि जाणत्या माणसाच्या हातून. चिमूटभर हळदीवर चार-पाच थेंब टाकले की शुद्ध हळदही लालसर होते, आणि इथेच लोक घाबरतात. पुढची पायरी महत्त्वाची: पाच ते दहा मिली पाणी घाला. हळदीची लाली उतरते, मेटानिल यलोची गुलाबी-जांभळी छटा टिकते. घाईत पेलाभर पाणी ओतू नका. आम्ल फार पातळ झालं की मेटानिलही परत पिवळा पडतो, कारण त्याचा पालट साधारण १.२ ते २.३ पीएचच्या दरम्यान होतो. संडास-बाथरूमचं ॲसिड यासाठी अजिबात नको. ते स्वतःच रंगीत असतं आणि निकाल काहीही येतो. तूरडाळ-चणाडाळीसाठी डाळ कोमट पाण्यात हलवून त्या पाण्यावर हीच चाचणी करतात. हळदीला झळाळी आणायला लेड क्रोमेट लावलेलं असेल तर ते यात कळत नाही. तो खनिज रंग आहे, त्यातलं शिसं प्रयोगशाळेतच मोजावं लागतं.

मिरची. पाण्याच्या ग्लासवर पूड भुरभुरवा. लाल रेघा खाली उतरत गेल्या तर पाण्यात विरघळणारा रंग आहे. पण सुदान कुळातले रंग पाण्यात उतरत नाहीत, तेलात उतरतात. मग तेलात घालून बघू? नको, कारण मिरचीचा स्वतःचा रंगही तेलातच उतरतो. लाल तेलावरून काहीच सिद्ध होत नाही. याच सुदान-१ मुळे २००३ मध्ये भारतातून गेलेल्या तिखटावर युरोपात इशारे निघाले आणि २००५ मध्ये ब्रिटनमध्ये शेकडो पदार्थ परत मागवावे लागले. इतक्या मोठ्या यंत्रणांनाही तो डोळ्यांनी दिसला नव्हता. तुमच्यासाठी उपाय जुनाच: अख्खी ब्याडगी आणि संकेश्वरी घ्या, देठ खुडा, कडक ऊन दाखवा आणि डोळ्यांसमोर कांडपावरून आणा. तयार पूड घ्यायचीच तर सीलबंद. सुट्या, अती लालभडक पुडीचा मोह टाळा. मसाल्यांत आणि हळदीत कुठलाच कृत्रिम रंग घालायची परवानगी नाही, त्यामुळे ‘खायचाच रंग आहे’ हे दुकानदाराचं उत्तर कायद्यात बसत नाही.

जिलेबी, सरबत, म्हातारीचे केस यांसाठी लोकरीची चाचणी चांगली. खरी मेंढीची पांढरी लोकर वीतभर घ्या, साबणाच्या पाण्यात उकळून तिचा चिकटपणा काढा, धुवा. दहा ग्रॅम पदार्थ ५० मिली कोमट पाण्यात चोळून फडक्यातून गाळा. तेल तरंगत असेल तर पाणी गार करून वरचा थर काढून टाका, नाहीतर लोकरीवर तेलाचा लेप बसतो आणि रंग आत जात नाही. गाळलेल्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून त्यात लोकर १०–१५ मिनिटं मंद आचेवर ठेवा, मग वाहत्या गार पाण्याखाली धुवा. रंग धुऊन गेला तर तो बहुधा वनस्पतीज. पक्का बसला तर कृत्रिम, असं म्हणायला जागा आहे. सगळ्यात जास्त लोक फसतात ते दुकानातल्या ‘वुलन’ धाग्यामुळे. तो बहुधा ॲक्रिलिक असतो आणि ॲझो खाद्यरंग घेत नाही, मग सगळंच शुद्ध ठरतं. दुसरी फसगत हळदीची: ती लोकरीला पक्की बसते. डाग साबणाने तांबडा झाला तर तो हळदीचा आहे.

ही चाचणी फक्त ‘कृत्रिम’ एवढंच सांगते. कोणता, परवानगीचा की बेकायदा, किती, यातलं काही सांगत नाही. गुलाबी पदार्थाचं पाणी नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चखाली झगझगीत केशरी दिसलं तर रोडामिन-बी या कापडरंगाचा दाट संशय घ्या. कापूस-कँडीत तो सापडल्यामुळे तामिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली, पुढच्या महिन्यात कर्नाटकाने रोडामिनवाल्या कँडीबरोबर गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवरही.

अधिकृत निकाल हवा असेल तर अन्नसुरक्षा कायद्याचं ४० वं कलम वाचा. साधा ग्राहकही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. अट एकच, खरेदी करताना विक्रेत्याला तसं सांगायचं. नमुना नापास झाला तर शुल्क परत मिळतं. लोक घरी आणून, अर्धा खाऊन मग पाठवतात आणि तिथे प्रकरण अडतं.

सांधेदुखीसाठी सल्फासालाझिन चालू आहे. गोळी केशरी, लघवी केशरी. हाही ॲझो रंगच का? मध्येच दाताच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, त्याने फरक पडेल?
– निवृत्त बँक कर्मचारी, ऐरोली

हो, ॲझोच. आणि मुद्दाम. १९४० च्या आसपास स्वीडनमध्ये नान्ना स्वार्ट्झ यांनी हे औषध पुढे आणलं तेव्हा सल्फापिरिडिन आणि सॅलिसिलेट जातीचा एक रेणू ॲझो बंधाने एकत्र बांधले. मोठ्या आतड्यातले जिवाणू बंध तोडतात. सल्फापिरिडिन रक्तात जातं आणि सांध्यांसाठी बहुतांशी तेच काम करतं असं मानतात. मेसालामिन हा दुसरा तुकडा बराचसा आतड्यातच राहतो, म्हणून कोलायटिसच्या रुग्णांना तो उपयोगी. तुमच्या बाबतीत जिवाणू औषध बनवणारे कामगारच आहेत.

अँटिबायोटिकने त्यांची संख्या घटली तर औषध कमी फुटू शकतं. ॲम्पिसिलिन आणि रिफाम्पिसिन यांच्याबाबत ते नोंदलेलं आहे. पाच दिवसांच्या कोर्ससाठी गोळी स्वतःहून वाढवू नका, कमी करू नका. फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं औषध सांगा. केशरी लघवीची काळजी नको. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्यांनाही डाग पडू शकतो. हे औषध फोलेट या जीवनसत्त्वाच्या शोषणात आडवं येतं, त्याची गोळी लिहून दिली आहे का ते विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर हे औषध चालत नाही.

रोज दही खाल्लं की हे तुकडे बांधले जातात, असं व्हॉट्सॲपवर आलं. खरं का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, कळवा

नाही. दही त्याच्या गुणांसाठी खा. दह्यातल्यासारखे काही लॅक्टोबॅसिलस जिवाणूही ॲझो बंध तोडतात, त्यामुळे ‘चांगले जिवाणू रंगापासून वाचवतात’ हे वाक्य रसायनाच्या दृष्टीने उलटंही पडू शकतं.

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कापडरंगाच्या युनिटचा ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) चालवतो. तुमचं वाक्य वाचलं आणि आमच्या टाकीत हेच होतं असं वाटलं. आधी रंग जातो, दोन दिवसांनी आउटलेटचं पाणी परत तपकिरी. चूक कुठे?
– ऑपरेटर, रबाळे

चूक नाही, काम अर्धवट राहिलं आहे. तुमची बिनहवेची टाकी म्हणजे एक मोठं आतडंच. तिथे बंध तुटतो आणि अमाइन तयार होतात. बिनहवेत ते फारसे पुढे फुटत नाहीत. मग उघड्यावर आले की त्यातले अमिनोनॅप्थॉल प्राणवायूने स्वतःहून जुळतात आणि तपकिरी रंग धरतात. तुम्हाला दिसतोय तो तोच. खात्री करायची सोपी रीत: बिनहवेच्या टाकीतून निघणारं पाणी गाळून एका काचेच्या बीकरमध्ये उघडं, दुसऱ्या बाटलीत काठोकाठ भरून बूच घट्ट लावून ठेवा. रात्रभराने फक्त उघडं तपकिरी झालं तर निदान पक्कं.

टाकी नीट चालवायची तर या गोष्टी पाहा. बिनहवेच्या टाकीत विरघळलेला प्राणवायू शून्य हवा आणि ओआरपी (पाण्याची इलेक्ट्रॉन घेण्या-देण्याची ओढ दाखवणारा आकडा) बऱ्यापैकी ऋण, साधारण उणे २०० मिलिव्होल्टच्या खाली. पंप किंवा पडणारं पाणी हवा ओढत असेल तर इलेक्ट्रॉन तिकडे जातात आणि रंग तसाच राहतो. नायट्रेटही असंच आडवं येतं. इलेक्ट्रॉन द्यायला जिवाणूंना खाद्य लागतं. कापडरंगाच्या पाण्यात ते कमी असतं, म्हणून थोडी साखर कारखान्याची मळी किंवा स्टार्चचं पाणी द्यावं लागतं. पण भसकन ओतलं की आम्ल वाढून पीएच कोसळतो. ७ च्या आसपास ठेवा. ग्लॉबर मीठ (सोडियम सल्फेट) वापरत असाल तर सल्फेट भरपूर येणार आणि त्याचा हायड्रोजन सल्फाइड होणार. सडक्या अंड्याचा वास येणं थांबलं म्हणजे वायू गेला असं समजू नका, जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो. अशा टाकीत मोजमाप केल्याशिवाय, सुरक्षा दोर आणि बाहेर माणूस असल्याशिवाय उतरू नये.

खरं काम पुढच्या हवेच्या टाकीत आहे. तिथे प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास आणि गाळाचं वय (गाळ टाकीत किती दिवस राहतो ते) पुरेसं जास्त ठेवा. अमाइन खाणारे जिवाणू हळू वाढतात, गाळ पटापट काढला तर ते धुऊन जातात. सल्फोनेटची शेपटी, जी खाद्यरंगात माणसाला उपयोगी पडते, तीच इथे डोकेदुखी आहे. शेपटीवाले अमाइन जिवाणूंना पचायला जड. ते उरत असतील तर शेवटी ॲक्टिव्हेटेड कार्बन किंवा ओझोनची पायरी लागेल.

आउटलेटला हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) टाकून रंग उडवण्याचा शॉर्टकट वसाहतीत चालतो. त्याने डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसतं आणि आत क्लोरीनयुक्त संयुगं तयार होतात. फक्त रंगाची नोंद ठेवू नका, प्रत्येक टाकीच्या आधी-नंतर सीओडीही (पाण्यातला मळ किती प्राणवायू मागतो त्याचं माप) लिहा. रंग पार उतरला आणि सीओडी जिथल्या तिथे, तर तुम्ही फक्त बंध तोडलात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याला कासाडी नदीच्या परिसरात निळी कुत्री दिसली आणि सगळीकडे फोटो गेले. निदान तो रंग दिसला तरी. बिनरंगी अमाइनचा फोटो येत नाही.

आणखी एक. बेंझिडीन आणि तत्सम घातक अमाइन सोडणाऱ्या ११२ रंगांवर भारतात १९९० च्या दशकापासून बंदी आहे. कच्च्या मालाच्या पिंपावर नुसतं व्यापारी नाव असेल तर पुरवठादाराकडून कलर इंडेक्स क्रमांक (रंगाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) लेखी घ्या.

घरून केक आणि बर्फीच्या ऑर्डर घेते. पावडर रंग किती घालावा?
– खारघर

चिमटीने घालू नका. एक चिमूट साधारण ०.३ ग्रॅम. डबीत मीठ किंवा साखर मिसळलेली असेल आणि लेबलवर ‘एकूण रंगद्रव्य २० टक्के’ असेल तर त्यात ६० मिलिग्रॅम रंग आला, किलोभर बर्फीला चालेल. डबी ८५ टक्क्यांची असेल तर तीच चिमूट २५५ मिलिग्रॅम, हद्दीच्या अडीचपट. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच.

एक ग्रॅम पावडर १०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा, बाटलीवर रंगाचं नाव आणि टक्केवारी लिहा, फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. ८५ टक्क्यांच्या पावडरीचं हे द्रावण मिलीमागे ८.५ मिलिग्रॅम रंग देतं. किलोला दोन लहान चमचे, म्हणजे १० मिली, ही कमाल. निम्म्यात काम होतं. दोन रंग मिसळलेत तरी एकूण १०० च्या आतच राहायचं. हिरवा रंग बहुधा टार्ट्राझिन आणि ब्रिलियंट ब्लूची जोडीच असतो, तो ‘एक’ धरू नका. फरसाणात मात्र हा रंग वापरू नका. शेव, पापडी यांना परवानगी नाही.

मुलाने वाढदिवसाचा निळा केक खाल्ला, दुसऱ्या दिवशी शी हिरवीगार. लाल-पिवळं खाल्ल्यावर असं कधी होत नाही. का?
– पालक, घणसोली

निळा केक बहुतेक ब्रिलियंट ब्लूचा. तो ॲझो नाही. आतड्यात फारसा शोषला जात नाही आणि बराचसा तसाच बाहेर येतो. पित्ताच्या पिवळ्या-तपकिरीत निळा मिसळला की हिरवा. लाल-पिवळा ॲझो रंग वाटेत फुटलेला असतो, म्हणून तो दिसत नाही. एक-दोन दिवसांत नेहमीचा रंग येईल. शी लाल किंवा डांबरासारखी काळी झाली तर मात्र केकवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा.